निळी बांगडी

पांढुर्ण्याच्या आपल्या स्टुडिओत गुणवंता भरदुपारी वारलेल्या पहिल्या बायकोची सत्तर सालची स्लाइड बल्बवरच्या काचेवर ठेवून बसला होता. सगळे रंग लाल पडले होते. एकेक फिल्टर लावून तो ते जुळवत होता.

"अलके, तुझा हात धर इथं. अंगाचा रंग पाहून राहिलो."

मेलेलीच्या रंगासाठी जितीचा हात! त्याच्या दुसऱ्या बायकोचा, अलकाचा जळफळाट झाला, तरी तिनं हात धरला.

हळूहळू स्लाइडमधला चेहरा उजळला. बांगड्या हिरव्या झाल्या, मधली एकच निळी.

कालच अलकाची एक बांगडी फुटली, तेव्हा हिरवी नव्हती म्हणून सावरगावच्या कासारणीनं निळी भरली होती.

"आता आला बरोबर," गुणवंता स्लाइडकडे पाहून हसला.

अलकानं झटक्यात हात मागे ओढला. काहीच किणकिणलं नाही. मनगटावर एकही बांगडी नव्हती.