वखारीचा वास

तंबाखूच्या वखारीत राबणारी गुणाबाई मागची खोली भाड्यानं मागायला आली, तेव्हा सरोजिनीबाईंनी तिला उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं. असल्या बायकांचा वास आधी घरात शिरतो, बाई मागनं येते. नाकावरचा पदर न काढताच त्यांनी तिला वाटेला लावलं.

चैत्रात घरात चिलटं झाली. केळ्यांवर चिलटं, नैवेद्यावर चिलटं, पन्ह्याच्या भांड्यात चिलटं. धूप झाला, फवारे झाले, पण हळदीकुंकू चार दिवसांवर आलं तरी ती हटेनात. शेवटी गुणाबाईकडं एकही चिलट नाही असं कानावर आलं, तेव्हा नाक मुरडत बाई समोरच्या गल्लीत तिच्या दारात गेल्या.

"तुझ्याकडं कशी गं न्हाईत?"

"वखारीतला तंबाखूचा चुरा हाय की. कोपऱ्याकोपऱ्यात ठेवा, एक बी ऱ्हाणार न्हाय."

तिनं दिलेलं पुडकं बाईंनी मेलेली पाल उचलावी तसं दोन बोटांत धरून घरी आणलं. पण खरंच, हळदीकुंकवापर्यंत घरात औषधालाही चिलट उरलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांत आधी आल्या त्या शेजारच्या देसाईवहिनी. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

"सरोजिनी, मागची खोली वखारीतल्या बाईला दिलीस व्हय गं?"