उन्हाळी वेळ

आखातातल्या सुलैबियाच्या बांधकाम साइटवर मॅनेजरने भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे केलं. "लंडनवाले उन्हाळ्यात पुढे करतात, आपण मागे करू. सवय झाली की कायमचंच ठेवू," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि एसी केबिनमध्ये शिरला. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर उन्हात काम घ्यायचं नाही, असा सरकारचा नवा नियम होता. नियम मोडायचा नव्हता, फक्त बारा वाजू द्यायचे नव्हते.

समोरच्या मशिदीत दुपारची अजान झाली, तरी भिंतीवर अकराच. तापलेली सळई हातमोज्यांतूनही काशिनाथचे तळवे भाजत होती. पण आज त्याला घोर नव्हता. सेफ्टीचे आलोक साहेब यायचे होते. पुण्याचे, आपल्या भाषेतले, मंडळाच्या गणपतीत त्याच्या शेजारी उभं राहून आरती म्हणणारे.

साहेब दिसताच तो परांचीवरून उतरला. "साहेब, बारा कधीच वाजून गेले. तुमच्या घड्याळात बघा ना जरा."

साहेबांनी मनगटावर पाहिलं, मग भिंतीवर. केबिनच्या काचेआडून मॅनेजर हात हलवत होता. साहेबांनीही हात हलवला. मग शांतपणे मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढली आणि काटे तासभर मागे फिरवले.

"माझंच पुढे गेलं होतं रे," ते म्हणाले.

काशिनाथला त्यांच्या चकचकीत बुटांवर थुंकावंसं वाटलं. पण तोंडात थुंकीच उरली नव्हती.