मागची खोली

सकाळी आठ वाजता रिकाम्या प्लॉटवर घराची आखणी सुरू झाली. दोरीचं एक टोक गवंड्याने धरलं, दुसरं आक्काने. नवऱ्याने टाकल्यापासून ती धाकट्या भावाच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात झोपायची. नव्या घरातली मागची खोली तिची, असं भावाने सांगितलं होतं. त्या खोलीची पांढऱ्या फक्कीची रेघ नुकतीच ओढून झाली होती.

"मिस्त्री, खर्च बसत नाही. काय कमी करता येईल?" भावाने विचारलं.

"मागची खोली काढा. तीन भिंती वाचतील, वरचा स्लॅबही."

भावाने आक्काकडे पाहिलं नाही. त्याची बायकोच बोलली, "वन्सं, हॉलमध्ये दिवाण टाकू की! टीव्हीसमोर राणीसारख्या झोपाल."

"मी कुठं नको म्हटलं?" आक्का म्हणाली.

"मग दोरी आत घ्या, आक्का," गवंडी ओरडला. "अजून आत. अजून थोडं. हां, आता घट्ट धरा."

तिने घट्ट धरली. गवंड्याने नवी रेघ ओढली. भावाने जुनी चपलेने पुसली.

संध्याकाळपर्यंत नव्या रेघेवर पाया खणून झाला. आक्काची ट्रंक कुठे ठेवायची, हे अजून ठरलेलं नव्हतं.