तळहाताची ऊब

मुंबईच्या प्रयोगशाळेत अलिशा वर्षानुवर्षं एकाच प्रथिनाची उस्तवार करत होती. हार्मोनला दाद देणारं हे माणसाचं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं आणि बर्फात जपायचं. तळहाताच्या उबेनंही ते नासतं, म्हणून कुपी बोटांच्या टोकांनीच उचलायची. जव्हारला घरी आली की चहाचा पेलाही ती तसाच धरायची, अम्मी हसायची. आज अम्मी हसली नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्या स्तनातल्या गाठीत नेमकं तेच प्रथिन नाही. त्या प्रथिनावर चालणाऱ्या गोळ्या लागू पडायच्या नाहीत, केस घालवणारी औषधंच घ्यावी लागतील. "एवढं बनवतेस, त्यातलं थोडं आण की," अम्मी शिलाई मशीनवर डोकं टेकून म्हणाली. "तसं देता येत नाही, अम्मी." एसटीत अंग आंबलेली अलिशा तिच्याजवळ बसली. तिनं अम्मीचा हात घेतला, सवयीनं, बोटांच्या टोकांनी. "घट्ट धर, बेटा," अम्मी पुटपुटली, "मी नाही नासायची."