दोन ओळींत बसव

ड्रमपासून गिटारपर्यंत सगळ्या पोरीच असलेल्या जपानी बँडची प्रेमगाणी मराठीत आणायची आणि एकेका कडव्याचा अर्थ पडद्याच्या तळाशी दोन ओळींत बसवायचा, हे शेफालीचं काम. हाताखालच्या तिघी कच्चा अनुवाद व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, ती तासून द्यायची. आज सकाळपासून एकोणीस गाण्यांतला विरह उपसून ती कोथरूडच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी होती. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते, आणि प्रेम या शब्दाचाच तिला वीट आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा भलामोठा मजकूर. तू नाहीस तर घर खायला उठतं, चहा अजून दोन कपच टाकला जातो, चूक माझीच होती, वगैरे वगैरे.

"या पोरींना सांगायचं तरी किती वेळा," ती पुटपुटली आणि तिनं अंगठ्यानंच लिहिलं, "रडगाणं नको. दोन ओळींत बसव."

पाठवल्यावर तिची नजर वरच्या नावाकडे गेली.

विश्वजीत. चार महिन्यांपूर्वी भांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजरी भागातल्या फ्लॅटवर राहायला गेलेला तिचा नवरा. त्यानंतरचा त्याचा हा पहिलाच मेसेज.

ती घाईघाईनं पुसायला गेली, पण निळ्या खुणा उमटल्या होत्या. बस आली, थांबली, तिला न घेताच निघून गेली.

मग उत्तर आलं.



"करमत नाही.
येऊ का घरी?"