ताप उतरल्याचा निरोप

श्रीपतीच्या बायकोला तपासून डॉक्टरांनी दुपारी "गेल्या" म्हणून सांगितलं. त्याच सकाळी श्रीपतीनं घरोघर फोन करून कळवलं होतं, कुंदाचा ताप उतरला, पेज खाल्ली. आता सगळ्यांना पुन्हा फोन करून झाले होते. फक्त सासूबाईंचा लागत नव्हता.

तेवढ्यात त्या स्वतःच दवाखान्याच्या जिन्यात दिसल्या. पेढ्यांचा पुडा छातीशी धरून धापा टाकत वर येत होत्या.

"तुमचा फोन आला नि तशीच जाऊन नवस फेडला, जावईबापू. पावली बघा देवी!"

"आई, अहो..."

"आधी तोंड गोड करा. किती वाळलात!" त्यांनी पेढा त्याच्या तोंडात घातलासुद्धा.

त्याला तो थुंकताही येईना, गिळताही येईना. वाट अडवून तो तसाच उभा राहिला.

"सरका की. तिला अंगारा लावते."

श्रीपती सरकला नाही. कुंदा गेली, हे सांगायचं अजून राहिलंच होतं.