लाल खूण

तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात शिरला, तसं भार्गवने इंजिन बंद केलं. सात वर्षं खपून घरच्या शेडमध्ये विमान बांधलं होतं. तासाभरात तपासणीचे साहेब येणार. आज इंजिन तापलं, की उडायची परवानगी गेलीच!

इंजिनात ठिणगी पडण्याचं टायमिंग त्याने पाचदा इंजिनच्या चाकावरच्या लाल खुणेशी जुळवलं होतं. आणखी करायचं तरी काय? रडकुंडीला येऊन त्याने खुणेवर अंगठा घासला, तर खूणच पुसली गेली. रंग असा निघतो होय? बोटभर अंतरावर, ग्रीसखाली, त्याने स्वतः कोरून लाल रंगवलेली खरी रेघ होती. म्हणजे इतके दिवस ठिणगी वेळेआधीच पडत होती, म्हणूनच इंजिन तापत होतं!

“अगंबाई, पुसलंत?” दारातून बायको कळवळली. “खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू होतं ते. विमान सुखरूप उडावं म्हणून मीच लावलं होतं.”